घरगाडीत कोणतं कार्ड चालते

"काकू, सिनेमे पाहाचे असतीन त हे कार्ड घ्या. नुसतं बोलाचं असन त ते स्वस्तातलं घ्या," मेहकरच्या मोबाइल दुकानातला माणूस म्हणाला आणि माझं डोकंच फिरलं.

"मले सिनेमेही नाही पाहाचे अन् नुसतं बोलाचंही नाही," मी म्हटलं. "मले माह्या पोराशी हातानं बोलाचं आहे. रोज. गाडी कुठीबी उभी असो. चित्र अडकलं की आमचं बोलणं मेलं. असं कार्ड असन त द्या, नाही त सरळ नाही म्हणा."

दुकानदार माझ्या हातांकडे पाहत राहिला. माझ्या मागे उभे असलेले आमचे हे, म्हणजे माझा नवरा, नेहमीसारखे मधे पडले. "पोराले ऐकू येत नाही हो आमच्या, जन्मापासून. संभाजीनगरले कामाले आहे तो." मग दुकानदारानं पंखा माझ्याकडे वळवला आणि चहा सांगितला. मला चहा नको होता, उत्तर पाहिजे होतं.

"काकू, खोटं नाही सांगत," तो म्हणाला. "गावागावानं फरक पडते. अथी जे चालते ते घाटात चालन असं नाही. ज्या गावाले जासान तिथल्या माणसाले विचारा." हे वाक्य ह्यांनी उचललं आणि खिशात घातलं. तिथूनच सगळं बिघडत गेलं.

आधी ही गाडी कुठून आली ते सांगते. हे एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर माणसं वावर घेतात, नाहीतर पारावर बसून राजकारण करतात. ह्यांनी एका शाळेची भंगारात निघालेली मिनीबस आणून जानेफळला आमच्या दारात उभी केली. सीटा काढल्या, पलंग ठोकला, शेगडी बसवली, पाण्याची टाकी चढवली, टपावर सोलर लावला. गाव पाहायला लोटलं. पोरंटोरं तिला घरगाडी म्हणायला लागली आणि तेच नाव पडलं. "पयले कोकण, मंग गोवा, मंग जाऊ थेट रामेश्वरले," असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मी म्हणायची, उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग! पण खरं सांगायचं तर मलाही जायचं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या सहलीचे डबे बांधून दिले होते मी.

अडचण एकच होती, पोरगा.

त्याला बोलता येत नाही, असं लोक म्हणतात. खोटं आहे. तो भरपूर बोलतो, हातानं बोलतो. लहानपणी त्याला दूरच्या शाळेत ठेवून पाहिलं, पण तो रडून रडून आजारी पडला आणि मी त्याला घरी आणलं. मग आमची भाषा आम्हीच केली. नाकावर बोट ठेवलं की मी, माझ्या फुलीमुळे. मूठ धरून फिरवली की बाप, पान्यामुळे. माझ्या रागाची खूण वेगळीच आहे. तळहात खालून वर भराभर न्यायचा, दूध उतू जातं तसा. ही त्यानं स्वतःच्या मनानं काढली आणि दिवसातून कैकदा वापरली. ही भाषा आख्ख्या जगात आम्हा तीन माणसांना येते. अक्षरं तो ओळखतो, बसची पाटी वाचतो, दोन शब्दांचा मेसेज टाकतो. पण 'जेवलो नाही, कारण आज मनच लागलं नाही' असं लिहायला त्याच्याजवळ शब्द नाहीत. ते तो हातानं आणि चेहऱ्यानं सांगतो, आणि ते मला दिसलं पाहिजे.

मागच्या वर्षी त्याला संभाजीनगरच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम लागलं. त्याच्यासारखी आणखी काही पोरं तिथं होती. तो हसत गेला, मी मात्र त्या रात्री जेवले नाही. मग रीत पडली. संध्याकाळी जेवणाआधी तो फोन लावायचा, मी फोन पिठाच्या डब्याला टेकवून समोर बसायची, आणि मग कोण भांडलं, डब्यात काय होतं, मुकादम काय म्हणाला, सगळं व्हायचं. त्याला पाहिल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नसे. माझ्याशिवाय माझ्या लेकराला समजून कोण घेणार, असं मला रोज वाटायचं आणि जीव कासावीस व्हायचा.

म्हणून घरगाडीत पाय ठेवण्याआधी मी ह्यांना अट घातली. "एकही संध्याकाळ चुकाची नाही. चुकली की मी उतरीन अन् भेटन त्या एसटीनं घरी येईन. मंग तुम्ही अन् तुमचं रामेश्वर!"

"हाव," हे म्हणाले. "मंजूर."

माझं म्हणणं सोपं होतं. दोन कंपन्यांची दोन कार्डं घ्यायची. एक मेलं तर दुसरं कामी येईल. पण ह्यांना दुकानदाराचं ते वाक्य चावत होतं. स्कूटर घेऊन हे गावोगाव विचारत सुटले, आणि कधी कधी मीही मागे बसले. अमडापूरच्या बाजारात कांदेवाला म्हणाला, "हेच कार्ड चालते, पक्कं." चहाच्या टपरीवर तेच नाव, रसवंतीवर तेच. जिथं दुसऱ्या कंपनीचं कार्ड होतं, तिथं तो माणूस आपलीच बाजू लावून धरी. आपला तो बाब्या! पण मोजून पाहता एकाच कंपनीची माणसं जास्त निघाली. अमडापूरहून आम्ही एका ओळखीच्याच्या फोनवरून पोराला लावून पाहिलं, तर त्याच्या कपाळावरची पुटकुळीसुद्धा दिसली. झालं! ह्यांनी मेहकरला जाऊन माझा नंबर, स्वतःचा नंबर आणि गाडीतल्या राउटरचं कार्ड, तिन्ही त्या एकाच कंपनीत नेऊन टाकले. म्हणे फॅमिली प्लॅन.

"तीन कार्डं, पण कंपनी एकच," मी म्हटलं. "तीन बैल घेतले अन् तिन्ही एकाच दाव्याले बांधले तुम्ही."

"तुले काय समजते त्यातलं?" हे म्हणाले. मी गप्प बसले, आणि मी गप्प बसते तेव्हा ह्यांनी घाबरायला पाहिजे होतं.

एक गोष्ट आम्हा दोघांच्याही ध्यानात आली नाही, आणि आम्ही तर ह्याच मातीतले. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला 'नाही' म्हणायची पद्धत नाही. पाणी नाही, सावली नाही, बसायला जागा नाही, असं पाहुण्याला कोण सांगेल? मग आमच्या गावात रेंज नाही, हे तरी कोण सांगणार! मी स्वतः जानेफळात कैक पाहुण्यांना "येते नं, फुल्ल येते" म्हटलेलं आहे आणि मागच्या गल्लीत जाऊन फोन लावलेला आहे.

कोकणाआधी जिल्ह्यातच एक चक्कर मारून पाहू, असं ठरलं. दिवाळी होऊन गेली होती. सकाळी विहारात जाऊन आलो आणि गाडी काढली. पहिली संध्याकाळ नीट गेली, पोरगा दिसला, हसला. दुसऱ्या दिवशी दुपारी रोहिणखेडला पोचलो. जुन्या मशिदीपुढं गाडी उभी करून ह्यांनी माझा फोटो काढला आणि खाली गावाचं नाव टाकून पोराला पाठवला. गावात होतो तोवर फोटो गेलाही. मग रस्त्यावर भेटलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला ह्यांनी मुक्कामाला जागा विचारली. त्यानं रामराम घातला, ह्यांनी जय भीम घातला, आणि म्हातारा गाडीला हात लावून म्हणाला, "आपल्या वावरात लावा नं! विहीर आहे, सावली आहे. कायले दुसरीकडे जाता?"

"बाबा, रेंज येते का तिथी?" मी विचारलं.

"येते नं बाई. काऊन नाही येन? फुल्ल येते."

"कोणत्या कार्डाले?"

"कोणत्याबी!"

वावर नाल्याच्या खोलगट अंगाला होतं. तूर डोक्याएवढी उभी होती. गाडी विहिरीजवळ लागली तेव्हा फोनवर रेंजची एक कांडी दिसत होती, कधी तीही जायची. मी म्हटलं, निघा इथून. पण म्हाताऱ्यानं चहा आणला, मग भाजीला वांगी आणली, आणि तेवढ्यात अंधारून आलं. ह्यांची कंबर धरली होती, हे मागच्या पलंगावर डोळे मिटून आडवे झाले.

ठरल्या वेळी फोन वाजला आणि मला हायसं वाटलं. पोराचा चेहरा आला, हात उठला, आणि चित्र थांबलं. मग हललं, मग परत थांबलं. मी हातानं सांगत होते, थांब, थांब, रेंज नाही, पण त्याला काही पोचत नव्हतं. तो तिकडून "काय? काय?" करत होता. माझं दूध उतू गेलंच. मी ह्यांच्याकडे वळून कपाळावर हात मारला आणि ओरडले, "घ्या तुमचा फॅमिली प्लॅन! बसा आता पुजत!" आणि फोन बंद पडला. कांडी गेली. राउटरचा दिवा लाल झाला. ह्यांचा फोनही मेला.

तिन्ही मेले. एकाच दाव्याचे होते ना.

मी गाडीतून उतरले आणि फोन वर धरून तुरीतून पळायला लागले. हे मागून बॅटरी घेऊन. "अवं, साप-किरडू असन, थांब!" मी थांबले नाही. म्हातारा गडबडीनं आला. मी त्याच्यावरच उखडले, "बाबा, फुल्ल येते म्हटलं होतं नं तुम्ही?"

"येते नं बाई," तो खाली पाहून म्हणाला. "तिथी, वरच्या धुऱ्यावर. लिंबाच्या झाडाखाली." मग म्हणाला, "पाव्हण्याले कसं सांगाव, आमच्या वावरात येत नाही म्हणून?"

काय बोलायचं अशा माणसाला! आम्ही त्याच्यामागे धुरा, म्हणजे वावराचा उंच बांध, चढलो. लिंबाखाली बोलण्यापुरती रेंज आली. मी पोराला चित्राचा फोन लावला, लागला नाही. मेसेज टाकला, 'आई बरी. रेंज नाही.' तो गेला, पण त्यानं वाचला नाही. परत लावला, तर फोन बंद. ह्यांनी मुकादमाला फोन केला. मुकादम म्हणाला, "तो तर गेला भाऊ! एकदम रडाले लागला. हातानं काहीबाही सांगत होता, आम्हाले काही समजलं नाही. बॅग घेतली अन् पळाला."

"कुठी?"

"ते कसं समजन?"

ज्या पोरानं एकट्यानं कधी रात्रीचा प्रवास केला नाही, ज्याला मागून गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही, ते पोर अंधारात रस्त्यावर निघालं होतं. "तुमच्यामुळे," मी ह्यांना म्हटलं. "माह्या पोराले काही झालं त मी तुमचं तोंड नाही पाहणार." गाडी घेऊन संभाजीनगरला निघू म्हटलं, तर तो इकडे येत असेल आणि आम्ही तिकडे जाऊ, अशी चुकामूक. थांबू म्हटलं, तर थांबवत नाही. ह्यांनी ओळखीच्या एसटीवाल्यांना फोन लावले, बुलढाण्याच्या स्टँडवर निरोप ठेवला. ती रात्र आम्ही त्या लिंबाखालीच बसून काढली, आणि तिच्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही.

उजाडल्यावर दुधाच्या कॅना लावलेली एक मोटरसायकल वावराच्या वाटेनं येताना दिसली. मागे माझा पोरगा बसला होता. बुलढाण्यापर्यंत एसटी, पहाटेपर्यंत स्टँडवरच्या बाकड्यावर (ह्यांच्या निरोपाचा पुकारा झाला तो त्याला ऐकू कसा येणार?), मग पुढची गाडी, आणि फाट्यावर उतरल्यावर ह्या दूधवाल्याला मशिदीपुढचा घरगाडीचा फोटो दाखवून तो आला होता. बॅटरी जाऊ नये म्हणून त्यानं रात्रभर फोन बंद ठेवला होता; फोटो दाखवेपर्यंत ती पुरली आणि मग फोन मेला.

मी धावले. त्याला कवटाळलं आणि मग पाठीत एक धपाटाही घातला. पण त्यानं मला बाजूला सारलं. तो ह्यांच्याकडे गेला, त्यांच्या छातीवर तळहात ठेवला आणि तसाच उभा राहिला. मग मटकन खाली बसून रडायला लागला.

गाडीत त्याचा फोन चार्जिंगला लावला तेव्हा मला कळलं. त्याच्या पडद्यावर शेवटचं अडकलेलं चित्र त्यानं फोटो करून ठेवलं होतं. त्यात मी होते, कपाळावर हात मारलेला, तोंड आ वासलेलं. आणि माझ्यामागे पलंगावर, डोळे मिटून, उताणा पडलेला त्याचा बाप. पाहणाऱ्याला दुसरं काय वाटेल? हे पोर रात्रभर बापाच्या मातीला निघालं होतं.

"आरे बाप्पा," हे म्हणाले आणि त्यांनी पोराचं डोकं मांडीवर घेतलं.

चहा झाला, भाकरी झाली. म्हातारा शरमून दह्याचं गाडगं घेऊन आला होता. उन्हं वर आली. मी पोराला घेऊन वरच्या धुऱ्यावर गेले, मुकादमाला कळवायला. तिथं त्याचा फोन, जो दुसऱ्याच कंपनीचा होता, थरथरायला लागला. थांबेचना. त्यानं उचलला तर पडद्यावर चार-पाच पोरं आणि एक पोरगी, कारखान्याच्या गेटवर, सगळी एकदम हात हलवत होती. चित्र काचेसारखं स्वच्छ होतं.

आणि माझा पोरगा बोलायला लागला.

मी त्याला जन्मात तसं बोलताना पाहिलं नव्हतं. बोटं इतकी भराभर, दोन्ही हात, भुवया, खांदे, सगळं चाललेलं. मधेच तो हसला, मधेच त्यानं त्या पोरीला दटावलं, तिनं काही उत्तर दिलं आणि सगळी हसत सुटली. मी पाहत होते, आणि मला एकही खूण ओळखू येत नव्हती. ती आमची भाषा नव्हतीच. ती त्याच्यासारख्या लोकांची, शिकलेली, मोठी भाषा होती. कारखान्यातल्या पोरांकडून तो ती शिकला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. माझ्या लेकराला समजून घेणारे तिथं पाच-सहाजण उभे होते, आणि न समजणारी एकटी मी होते. मला आनंद झाला का? झाला. आणि तरी मी तिथंच धुऱ्यावर बसकण मारली.

फोन झाल्यावर मी विचारलं, काय म्हणत होते?

तो माझ्यासमोर उकिडवा बसला. आमच्या घरच्या खुणांनी, अगदी सावकाश, एकेक खूण करून, मला समजली की नाही हे माझ्या तोंडाकडे पाहून, मगच पुढची, असं सांगत गेला. ते घाबरले होते. रात्रभर जागे होते. तुझी आई कशी आहे विचारत होते. संध्याकाळी सगळे मिळून एका मॅडमकडे ही भाषा शिकायला जातात, कॅरम खेळतात, जेवतात.

"अन् तू?" मी विचारलं.

त्यानं हातानं सांगितलं, मी अर्ध्यातून उठून येतो. तुझा फोन असते नं.

मी मान खाली घातली. त्यानं माझी हनुवटी वर केली, कारण मान खाली घातली की आमच्यात बोलणं बंद होतं. आणि म्हणाला, रोज नको आई. सुट्टीच्या दिवशी लावत जाऊ. लय वेळ बोलू.

मी हाव म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

दुपारी मोताळ्याच्या स्टँडवर त्याला एसटीत बसवलं. खिडकीतून त्यानं हात केला आणि लगेच फोन काढून कोणाला तरी दाखवायला लागला की मी निघालो. गाडी वळेपर्यंत मी उभी राहिले.

हे समोरच्या मोबाइलच्या दुकानात जाऊन उभे होते. रात्रीपासून त्यांचा चेहरा उतरलेला होता. "दोन कंपन्यांचे घेऊ का तीन?" त्यांनी तिथूनच विचारलं. "तू म्हणशीन ते घेतो. पुढचा मुक्काम लांब आहे. मंग रस्त्यात मले बोलाचं नाही."

"घ्या कोणतंही," मी म्हटलं. "हप्त्यातून एक दिवस त कुठीबी भेटते रेंज."